कोंबड्या, ससे आणि शेळ्या-मेंढ्यांचा ग्रामीण लिलाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिलावात एका पिंजऱ्याची बोली अर्ध्या मिनिटात संपते. मात्र त्या पिंजऱ्यातील पक्ष्यांविषयीचा निर्णय त्याआधीच, पिंजऱ्याजवळ उभे राहून झालेला असावा लागतो. पुढील प्रश्नोत्तरे कोंबड्या, बदके, लावे, ससे, शेळ्या आणि मेंढ्या यांच्या खरेदी-विक्रीपुरती आहेत. परवाने, कर आणि जनावरांच्या वाहतुकीचे नियम ज्या त्या ठिकाणचे वेगळे असल्यामुळे ते लिलावाच्या कार्यालयातून आणि पशुवैद्यकाकडून आधीच जाणून घ्यावेत.

पहिल्याच वेळी खरेदी करावी का?

शक्यतो करू नये. पहिली फेरी केवळ पाहण्यासाठी ठेवावी. बोली पुकारणारा किती वेगाने बोलतो, बोली किती रकमेने चढते आणि कोणता माणूस कशासाठी खरेदी करतो, हे एका फेरीत बरेचसे लक्षात येते. मांसासाठी घेणारे व्यापारी, पाळण्यासाठी घेणारे शेतकरी आणि पुढच्या बाजारात विकण्यासाठी घेणारे मध्यस्थ असे तीन वर्ग बहुतेक ठिकाणी आढळतात. यांपैकी मांसाच्या व्यापाऱ्याची बोली विशेष लक्ष देऊन ऐकावी, कारण ती जनावराची तळाची किंमत दाखवते. पैदाशीसाठी म्हणून पुकारलेल्या जनावरावर त्या भावापलीकडे कोणीच बोली लावत नसेल, तर जमलेल्या जाणत्या लोकांना त्यात काहीतरी खटकलेले असण्याची शक्यता असते.

बोली एका नगाची असते की संपूर्ण गटाची?

नवख्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ येथेच उडतो, म्हणून हे नीट समजून घ्यावे. लहान जनावरांच्या लिलावात साधारणपणे चार पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत पुकारलेली रक्कम संपूर्ण पिंजऱ्याची असते. दुसऱ्या पद्धतीत रक्कम एका नगाची असते, परंतु पिंजरा सगळा घ्यावा लागतो. सहा कोंबड्यांचा पिंजरा असेल, तर पुकारलेल्या रकमेच्या सहापट पैसे भरावे लागतात. तिसऱ्या पद्धतीत सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला गटातून हवे तितके नग त्या भावाने निवडता येतात आणि उरलेल्यांची बोली पुन्हा सुरू होते. चौथी पद्धत वजनाची असून ती शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत अधिक आढळते. एकाच दिवशी, एकाच मंडपात, पक्ष्यांसाठी एक आणि शेळ्यांसाठी दुसरी पद्धत वापरली जाऊ शकते. प्रत्येक गटाच्या आधी पुकारणारा पद्धत सांगतोच, पण तो ती एकदाच आणि भरभर सांगतो. ऐकू आली नसेल, तर हात वर करण्याआधी मोठ्याने विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. सहापट रक्कम भरताना वाटणारा संकोच याहून मोठा असतो.

राखीव किंमत म्हणजे काय, आणि लावलेली बोली मागे घेता येते का?

विक्रेत्याने आधी ठरवून दिलेल्या ज्या रकमेखाली माल विकला जात नाही, ती राखीव किंमत होय. ती बहुधा उघड केली जात नाही. अनेक देशांच्या कायद्यांनुसार हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते आणि हातोडा पडताच विक्री पूर्ण होते. मात्र सारखी बोली मागे घेणाऱ्याकडे पुकारणारा पुढे पाहीनासा होतो. विक्रेत्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी गुपचूप बोली चढवणे हा फसवणुकीचा प्रकार आहे. तसा संशय आल्यास तेथेच थांबावे, कारण आपण थांबल्यावर माल त्याच्याच गळ्यात पडतो.

किती रकमेपर्यंत बोली लावावी?

आकडा घरीच ठरवून कागदावर लिहावा. त्यातून आडत, कर, वाहतूक, विलगीकरणाच्या काळातील खाद्य आणि पशुवैद्यकाचा खर्च वजा करावा, आणि उरेल तीच बोलीची मर्यादा मानावी. लिलावाच्या स्वरूपातच एक सापळा आहे: दहा माणसे एकाच जनावराचा अंदाज बांधत असतील, तर ज्याचा अंदाज सर्वांत चढा असतो तोच जिंकतो, आणि सर्वांत चढा अंदाज बहुधा चुकीचाही असतो. त्यामुळे बरेच गट हातचे गेले म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

चांगले जनावर असेल, तर त्याचा मालक ते लिलावात का आणेल?

हा प्रश्न मनात न आणता खरेदी करणे धोक्याचे असते. कारणे प्रामाणिकही असतात: चारा संपलेला असतो, जागा अपुरी पडते, नर संख्येने जास्त झालेले असतात, वृद्ध मालकाला काम झेपेनासे होते. परंतु वांझ शेळी, अंडी फोडून खाणारी कोंबडी, माणसावर धावून जाणारा कोंबडा किंवा एका सडातून दूध न देणारी शेळी यांचीही शेवटची वाट लिलावाकडेच जाते. विक्रेता जवळ असेल, तर त्याला सरळ विचारावे. उत्तरात तपशील किती आहेत याकडे लक्ष द्यावे. ‘शेवटची कधी व्याली, किती करडे झाली, ती कशी वाढली’ हे ज्याला पटापट सांगता येते, त्याच्याच घरी ते जनावर वाढलेले असते. ज्याला काहीच सांगता येत नाही, त्याने ते बहुधा गेल्या आठवड्यात दुसऱ्या बाजारातून उचललेले असते.

कोंबडी अंड्यावर आहे हे कसे ओळखावे?

लालभडक, मऊ आणि भरलेला तुरा हे पहिले चिन्ह आहे, पण केवळ त्यावर विसंबू नये. पक्षी हातात घेण्याची परवानगी मागावी. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कटीच्या हाडांची दोन टोके हाताला लागतात. अंड्यावरील कोंबडीत त्या टोकांमध्ये दोन किंवा अधिक बोटे बसतात. अंडी न देणाऱ्या कोंबडीत ती टोके एकमेकांच्या जवळ आलेली आणि ताठ असतात. अंडी देणाऱ्या कोंबडीचे गुदद्वार रुंद व ओलसर असते, तर न देणाऱ्या कोंबडीचे लहान, गोल आणि कोरडे असते.

पिवळ्या कातडीच्या जातींमध्ये आणखी एक उपयुक्त खूण सापडते. कोंबडी अंडी देऊ लागली की शरीरातील पिवळा रंग बलकात जाऊ लागतो आणि कातडी ठरावीक क्रमाने फिकी पडते: आधी गुदद्वाराभोवती, मग डोळ्याच्या कडेला, मग चोचीवर आणि सर्वांत शेवटी पायांवर. म्हणून पांढुरके पाय दीर्घकाळ अंडी दिल्याचे लक्षण आहे. अंडी थांबल्यावर रंग त्याच क्रमाने परत येतो. चोच पिवळी आणि पाय अजून फिके असतील, तर ती कोंबडी नुकतीच थांबली असावी.

मात्र तात्पुरती थांबलेली प्रत्येक कोंबडी निकामी नसते. खुडूक बसलेली किंवा पिसे झडत असलेली कोंबडी काही आठवड्यांनी पुन्हा अंडी देते आणि जाणता खरेदीदार ती स्वस्तात घेऊन जातो. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्यायच्या असतील, तर हलक्या जाती साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या वयात अंड्यावर येतात, हे लक्षात ठेवून सांगितलेले वय तुऱ्याच्या वाढीशी ताडून पाहावे.

आरोग्यासाठी नाकपुड्या, डोळे आणि पाय पाहावेत. डोळ्यात फेस, नाकातून स्राव किंवा श्वासाबरोबर खरखर असेल, तर तो पिंजरा सोडून द्यावा. त्या पिंजऱ्यातील इतर पक्षी ठणठणीत दिसत असले तरीही. पायांवरील खवले उचललेले आणि खडबडीत असतील, तर तो खवल्यांखालच्या सूक्ष्म माइट किड्यांचा उपद्रव असतो. तो बरा होतो, पण किंमत कमी करण्यास ते पुरेसे कारण आहे. पंख उचलून आणि गुदद्वाराभोवतीची पिसे बाजूला सारून उवाही पाहाव्यात.

नर-मादी ओळखण्याची खात्रीची पद्धत आहे का?

प्रौढ पक्ष्यांमध्ये आहे. सर्वसाधारण बदकांमध्ये नराच्या शेपटीवर वर वळलेली कुरळी पिसे असतात आणि त्याचा आवाज घोगरा असतो. मोठ्याने ओरडते ती मादी. रानटी रंगाच्या जपानी लावांमध्ये सुमारे तीन आठवड्यांनंतर नराची छाती तांबूस आणि मादीची ठिपकेदार दिसते. गिनी फाउलची मादी दोन स्वरांची हाक देते, नर ती देत नाही. एक दिवसाच्या पिल्लांबाबत मात्र, लिंगभेद केलेला असल्याची खात्री नसल्यास, निम्मे नर निघतील असे धरूनच बोली लावावी. ‘यात माद्याच जास्त आहेत’ या वाक्याला लिलावात काहीच किंमत नसते.

शेळी किंवा मेंढी घेताना नेमके काय पाहावे?

आधी दात पाहावेत. शेळी-मेंढीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात आणि ते आठ असतात. सर्व दुधाचे असतील, तर जनावर अदत म्हणजे साधारण एक वर्षाच्या आतले असते. मधली जोडी बदलून दोन दाती झाले की वय एक ते दीड वर्ष, चार दाती सुमारे दोन वर्षे, सहा दाती सुमारे तीन आणि आठ दाती चार वर्षांच्या आसपास धरावे. त्यानंतर दातांमध्ये फटी पडतात, दात झिजतात किंवा तुटतात. अशा म्हाताऱ्या शेळीला चरून पोट भरता येत नाही. तिच्याकडून आणखी एखादे वेत मिळेल या हिशेबाने घेणाऱ्याने खाद्याचा खर्च आधी मांडावा.

दातांनंतर डोळ्याची खालची पापणी उलटून आतील त्वचेचा रंग पाहावा. रक्त शोषणारे जठरकृमी वाढले की हा रंग लालवरून गुलाबी आणि शेवटी पांढराफटक होतो. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फमाचा पद्धतीत याच रंगाच्या पाच श्रेणी एका तक्त्यावर दिलेल्या आहेत. जबड्याखाली पाण्याची मऊ सूज दिसत असेल, तर रक्तक्षय बराच पुढे गेलेला असतो. शेपटीखालची घाण हगवण दाखवते. ओठांवरील खपल्या मावा (ऑर्फ) या सांसर्गिक रोगाच्या असू शकतात आणि तो रोग माणसाच्या हातांनाही होतो.

कास डोळ्यांनी नव्हे, हातांनी पाहावी. दोन्ही भाग सारखे, मऊ आणि गाठी नसलेले असावेत. एक भाग दगडासारखा लागला, तर ती दगडीची, म्हणजे कासेच्या दाहाची, जुनी खूण आहे आणि त्या बाजूचे दूध परत येईल अशी आशा ठेवू नये. पैदाशीचा बोकड किंवा मेंढा असेल, तर दोन्ही वृषण सारख्या आकाराचे व घट्ट आहेत का ते तपासावे. शेवटी जनावराला चालायला लावावे. गुडघ्यावर टेकून खाणारी किंवा लंगडणारी मेंढी खुरसडीची असू शकते. या रोगाचे जंतू खुराबाहेर साधारण दोन आठवड्यांपेक्षा जास्त जगत नाहीत, पण कळपातील एका खुरातही ते राहिले, तर वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाहीत.

वजनकाटा नसेल, तर वजनाचा अंदाज कसा बांधावा?

पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि १०,८०० ने भागावे. घेर ७० आणि लांबी ६० असेल, तर वजन सुमारे २७ किलो येते. दाट लोकरीच्या मेंढीत फीत घट्ट ओढली नाही, तर हा अंदाज फुगतो.

वजनावर बोली असेल, तर पोट टम्म फुगलेल्या जनावराकडे संशयाने पाहावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे प्रत्येक विक्रेत्याला ठाऊक असते.

‘गाभण आहे’ असे पुकारले, तर त्यावर विश्वास ठेवावा का?

पशुवैद्यकाचे लेखी प्रमाणपत्र असेल तर ठेवावा. अन्यथा रिकाम्या शेळीचा भाव द्यावा आणि पाच महिन्यांच्या आत करडू झालेच, तर तो नफा समजावा.

सशांची तपासणी कशी करावी?

पुढच्या पायांच्या आतील बाजूचे केस पाहावेत. ससा वाहते नाक पायांनी पुसत असल्यामुळे तेथील केस चिकटलेले असतील, तर सर्दी असल्याचे कळते. विक्रेत्याने सकाळी नाक पुसून आणले असले तरी केस खरे सांगतात. कानात तपकिरी खपल्या असल्यास माइट किडे असतात. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नसतील, तर असा ससा पैदाशीसाठी मुळीच घेऊ नये. नर-मादी एकाच पिंजऱ्यात आणलेले असतील, तर मादी गाभण असल्याचे धरून चालावे. सुमारे ३१ दिवसांत पिल्ले होतात.

लिलावातून रोग येतो ही भीती अवास्तव नाही का?

नाही. लिलाव म्हणजे अनेक गावांची जनावरे एकत्र आणून पुन्हा अनेक गावांना पाठवणारी यंत्रणा आहे, आणि रोगाला याहून सोयीचे काही नसते. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकुताची साथ आली, तेव्हा रोग ओळखला जाण्याच्या आधीच बाधित मेंढ्या हेक्सम आणि लाँगटाउन येथील बाजारांतून देशभर गेलेल्या होत्या. साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यानंतर इंग्लंडमध्ये शेतावर नवी मेंढी किंवा गाय आल्यास सहा दिवस त्या शेतावरून जनावर बाहेर न हलवण्याचा नियम आला. पक्ष्यांचे उदाहरण हाँगकाँगचे आहे. १९९७ मध्ये तेथे जिवंत पक्ष्यांच्या बाजारांशी निगडित एच५एन१ बर्ड फ्लूची १८ माणसांना लागण झाली आणि त्यांपैकी ६ जण दगावले. पुढे तेथील बाजारांत बदके आणि कोंबड्या वेगळ्या करण्यात आल्या आणि बाजार रिकामा करून धुण्यासाठी ठरावीक सुट्टीचे दिवस ठेवले गेले.

यावरून सामान्य खरेदीदाराने एवढे नक्की घ्यावे की, जेथे बदके, कोंबड्या आणि टर्की एकमेकांवर रचलेल्या पिंजऱ्यांत ठेवतात आणि वरच्याची विष्ठा खालच्याच्या पाण्यात पडते, तेथून पक्षी घेऊ नयेत.

विलगीकरण किती दिवस करावे?

तीस दिवस करावे, आणि ते खरोखरच वेगळे असावे. त्याच गोठ्यात मध्ये जाळी लावणे हे विलगीकरण नव्हे. कोंबड्यांची राणीखेत, म्हणजेच मानमोडी, संसर्गानंतर २ ते १५ दिवसांत दिसते, पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग साधारण ४ ते ६ दिवसांत आणि लाळ्या खुरकूत २ ते १४ दिवसांत दिसतो. त्यामुळे महिनाभरात यांतील बहुतेक धोके उघड होतात. जुन्या जनावरांचे खाणे-पाणी आधी करावे आणि नव्यांकडे शेवटी जावे. नव्यांसाठी बूट, बादली आणि खराटा वेगळा ठेवावा. याच काळात विष्ठेची तपासणी करून घ्यावी आणि जंतनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे, कारण बाजारातून येणारे जंत नेहमीच्या औषधाला दाद न देणारे असू शकतात.

विलगीकरणालाही मर्यादा आहेत. श्वसनाचा आजार करणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूची लागण झालेली कोंबडी बरी दिसू लागली तरी आयुष्यभर रोगवाहक राहू शकते, आणि शेळ्यांमधील जोन्स या आतड्याच्या रोगाची लक्षणे दिसायला काही वर्षेही लागतात. त्यासाठी रक्त किंवा विष्ठेची तपासणी हाच मार्ग असतो.

लसीकरण झाल्याचे सांगितले, तर विलगीकरण टाळता येईल का?

येत नाही. कोणती लस, कोणत्या तारखेला आणि कोणी दिली हे लेखी नसेल, तर त्या सांगण्याला अर्थ नाही. शिवाय काही लसी रोगाची लक्षणे थांबवतात, संसर्ग नव्हे. मॅरेक या गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाची लस टोचलेली कोंबडी स्वतः गाठींपासून वाचते, परंतु विषाणू तिच्या पिसांच्या कोंड्यातून पसरतच राहतो.

घरी नेताना कोणती काळजी घ्यावी?

कोंबड्यांना घाम येत नाही आणि त्या धापा टाकून उष्णता बाहेर टाकतात, म्हणून हवा खेळती असणे हे पाण्याहूनही आधी येते. पिंजरा स्वतःचा आणि धुतलेला न्यावा. शेळ्या आणि कोंबड्या एकत्र नेऊ नयेत. शिंगे असलेली जनावरे शिंगे नसलेल्यांपासून वेगळी ठेवावीत. एक दिवसाची पिल्ले पोटातील बलकाच्या आधाराने दोन दिवस तग धरतात, पण थंडी त्यांना तासाभरात मारते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पोहोचल्यावर आधी पाणी द्यावे, खाद्य नंतर. विक्रेता काय खाऊ घालत होता हे विचारून घ्यावे आणि बदल आठवडाभरात हळूहळू करावा. शेळ्यांसाठीचे तांबेयुक्त खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नये, मेंढ्यांना ते विषारी ठरते. तसेच अंड्यावरील कोंबड्यांचे जास्त कॅल्शियमचे खाद्य पिल्लांच्या मूत्रपिंडांना अपाय करते.

विक्रेत्याला चांगला भाव कशामुळे मिळतो?

सर्वांत जास्त फरक गट पाडण्याने पडतो. एकाच वयाचे, आकाराचे आणि लिंगाचे पक्षी एका पिंजऱ्यात ठेवावेत. पाच चांगल्या तलंगांत एक म्हातारा कोंबडा घातला, तर खरेदीदार संपूर्ण पिंजऱ्याचा भाव त्या कोंबड्याकडे पाहून ठरवतो. पिंजऱ्यावर जात, वय, लसीच्या तारखा आणि विक्रीचे कारण लिहिलेली चिठ्ठी लावावी. पुकारणाऱ्याला वाचायला काही मिळाले, तर तो ते वाचतो. नाहीतर ‘सहा कोंबड्या’ एवढेच पुकारतो. जनावरे स्वच्छ असावीत, परंतु आदल्या दिवशी अंघोळ घालून थंडीने कुडकुडणारी नसावीत. लवकर पोहोचावे, म्हणजे जनावरे शांत होऊन पाणी पितात आणि लोकांना ती निवांत पाहता येतात. राखीव किंमत ठेवायची असल्यास ती मनातल्या आशेवर न ठेवता मागील दोन-तीन बाजारांच्या भावावर ठेवावी. आपल्या गटाच्या वेळी जवळ उभे राहावे; बोलीच्या ऐन वेळी मालक उत्तर देण्यास हजर असला की खरेदीदाराचा हात मोकळेपणाने वर जातो.

दोष सांगितल्यास भाव पडणार नाही का?

पडेल. तरीही तो सांगावा. लिलावातील माल ‘जसा आहे तसा’ विकला जात असला, तरी जाणूनबुजून लपवलेल्या दोषाला अनेक ठिकाणी हे संरक्षण लागू होत नाही, आणि तेच खरेदीदार पुढच्या बाजारातही समोर असतात. दोन बाबतींत मात्र पर्यायच नाही. आजारी जनावर बाजारात आणू नये, आणि प्रतिजैविक किंवा जंतनाशक दिले असल्यास दूध, अंडी व मांस वर्ज्य करण्याचा काळ संपला आहे की नाही, हे स्पष्ट सांगावे.

विकले न गेलेले जनावर परत कळपात सोडावे का?

सोडू नये. ते दिवसभर इतर गावांच्या जनावरांजवळ उभे राहिलेले असल्यामुळे, नव्याने घेतलेल्या जनावराइतकेच विलगीकरण त्यालाही लागू होते. ज्याच्याकडे वेगळी जागा नाही, त्याने विक्रीला नेताना परत न आणण्याची तयारी ठेवावी आणि राखीव किंमतही त्याच हिशेबाने कमी ठेवावी.

लहान मुलांना सोबत नेता येते का?

नेता येते, परंतु पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ देऊ नये, कारण निरोगी दिसणारी पिल्लेही साल्मोनेला जिवाणू बाळगून असू शकतात. गर्भवती महिलांनी व्यालेल्या किंवा गर्भपात झालेल्या शेळ्या-मेंढ्यांजवळ जाऊ नये.

घेतलेले जनावर दोन दिवसांत आजारी पडले किंवा मेले, तर काय करावे?

प्रथम पशुवैद्यकाला कळवावे आणि त्यानंतर लिलावाच्या कार्यालयाला. पैसे परत मिळणे तेथील नियमांवर अवलंबून असते. त्या वेळी पावतीवर कानातील बिल्ल्याचा क्रमांक, नगांची संख्या आणि पुकारलेले वर्णन नोंदलेले असेल, तरच तक्रारीला आधार मिळतो. म्हणून ही नोंद पैसे भरतानाच करून घ्यावी. मेलेला पक्षी शवविच्छेदनासाठी द्यायचा असल्यास तो दोन पिशव्यांत बांधून थंड ठेवावा, पण गोठवू नये, कारण गोठवल्याने ऊतींची तपासणी अवघड होते. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले, तर शव उघड्यावर न टाकता आणि उरलेले पक्षी कोणालाही न विकता शासकीय पशुवैद्यक येईपर्यंत जागा बंद ठेवावी.